आजार लांबला की मांड्या-पोटऱ्यांकडे बघा

घरात कुणाला मधुमेह, किडनीचा विकार, जुना दमा, यकृताचं दुखणं किंवा क्षयरोग असला की भेटायला आलेला माणूस हमखास विचारतो, "वजन उतरलं का हो?" वजन आहे तेवढंच आहे म्हटलं की विचारणाऱ्याला हायसं वाटतं आणि घरच्यांनाही. पण वजनकाटा हाडं, पाणी, चरबी आणि स्नायू यांची एकच बेरीज सांगतो. वर्षभरात मांड्या, दंड, पाठ यांचे मिळून तीन किलो स्नायू झिजले आणि पोटावर तीन किलो चरबी चढली, तर काट्यावर आकडा तोच. किडनी किंवा हृदय अधू असेल तर झिजलेल्या स्नायूंचं वजन पावलांत साठलेलं पाणी भरून काढतं. आकडा पुन्हा तोच. माणूस मात्र सांगत असतो की जिना चढवत नाही, संडासात बसलं की नळाला धरून उठावं लागतं, पाच किलोची पिठाची पिशवी वर नेता येत नाही. आपण म्हणतो, आजारपण आहे, वय झालंय, चालायचंच.

हे चालायचंच म्हणून सोडून देण्यासारखं नाही. वयानुसार स्नायू आणि ताकद कमी होण्याला अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सार्कोपेनिया हे नाव सुचवलं आणि २०१६ साली अमेरिकेत त्याला आजारांच्या यादीत स्वतंत्र क्रमांक मिळाला. कर्करोग, किडनी, हृदय, फुप्फुस यांच्या आजारांत शरीर आतून जळत राहिल्यामुळे जी झीज होते तिला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. नावं वेगळी, कारणं थोडी वेगळी. पण रुग्णाच्या घरच्यांनी करायचं काम बरंचसं एकच आहे. झीज लवकर ओळखायची आणि जेवण व व्यायाम दोन्ही बाजूंनी तिला अडवायचं. कारण गेलेले स्नायू परत मिळवणं शक्य असलं तरी कष्टाचं आहे, आणि असलेले राखणं त्या मानाने बरंच सोपं.

सुरतेतल्या कतारगामसारख्या भागात ही झीज लक्षात यायला आणखी उशीर होतो. इथली निम्मी रोजीरोटी बसून कमवायची. हिऱ्याच्या कारखान्यात घंटीभोवती, म्हणजे हिरा घासायच्या चाकाभोवती, बसलेल्या कारागिराचे डोळे आणि बोटं दिवसभर राबतात, पाय मात्र दुमडलेले. घरी बाया साड्यांना लेस आणि स्टोन लावण्याचं काम करतात, तेही जमिनीवर बसून. उधना, लिंबायत, पांडेसऱ्याइतकी दाट वस्ती नसली, तरी वेड रोड, डभोली, सिंगणपोरच्या बाजूलाही खानदेशातून आलेली मराठी घरं आहेत, आणि त्यांचंही काम आता शेतातलं राहिलेलं नाही. ज्याचं पोट बोटांवर चालतं त्याला पायातली ताकद गेल्याचं कळतच नाही. हिरा पूर्वीसारखाच तयार होत असतो. मग एक दिवस सुट्टीची घंटा होते, सगळे उठतात आणि साखरेचा जुना आजार असलेला पन्नाशीचा गडी टेबलावर दोन्ही तळवे टेकवून, अंग पुढे झोकून उठतो. शेजारच्यांच्या लेखी तो दमलेला असतो. खरं तर ते तपासणीला नेण्याजोगं लक्षण आहे.

आपल्या लोकांना हा धोका जास्त का, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. मात्र शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंची-वजनाच्या तक्त्यात दोघेही धडधाकट, पण एकाच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात हीच गोष्ट जन्मापासून दिसली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची; आपल्या बाळांत स्नायू आणि अवयवांचा भाग बराच कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. याज्ञिकांनी याला बारीक पण चरबीयुक्त भारतीय शरीर म्हटलं. म्हणजे आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी असते. त्यातून पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह किंवा किडनीचा आजार खर्च करू लागला की ती फार लवकर तळाला जाते.

स्नायू फक्त उचलण्या-चालण्यासाठी असतात असं समजू नका. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सगळ्यात मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते कमी झाले की तीच गोळी, तीच भाकरी असूनही साखर चढू लागते. आणि स्नायू हे शरीराचं पेव आहेत. ताप आला, जखम झाली, शस्त्रक्रिया झाली, जंतूंशी लढायचं झालं की लागणारी अमिनो आम्लं शरीर तिथूनच उपसतं. आजारात भूक मंदावते, आतला दाह प्रथिनं मोडायचा वेग वाढवतो, किडनी बिघडल्यावर रक्तात वाढलेलं आम्ल त्यात भर घालतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झीज होते ती वेगळीच, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आपण रुग्णाला अंथरुणाला खिळवतो.

ही शेवटची गोष्ट आपल्या हातातली आहे म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. २००७ साली अमेरिकेत बारा निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस खाटेवर ठेवून बघितलं. आजार काहीच नाही, जेवण ठरलेलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो स्नायुयुक्त वस्तुमान गेलं. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांचा अभ्यास २०१३ साली लंडनमधून आला: मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसला होता. आणि आपल्याकडे इस्पितळातून घरी आलेल्या माणसाला प्रेमापोटी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. डॉक्टरांनी हालचालीला मनाई केली नसेल, तर त्याला जेवायला ताटावर यायला लावा, स्वतःची अंघोळ स्वतः करू द्या, दर दोन तासांनी उठून खिडकीपर्यंत जाऊन येऊ द्या. ही सेवाच आहे.

मोजायचं कसं

स्कॅनचं यंत्र लागतंच असं नाही. २०१७ साली कतारगामात किरण हॉस्पिटल उभं राहिलं, सुरतेत नवी सिव्हिल आहे, महापालिकेचं स्मीमेर आहे. मोठ्या तपासण्या तिथे होतील. पण महिन्याच्या महिन्याला बघायची गोष्ट घरातच बघावी लागते आणि त्यासाठी शिंप्याची टेप, एक साधी खुर्ची आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. पुढचे आकडे आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेले आहेत.

आधी पोटरी. रुग्णाला खुर्चीवर बसवा, पावलं जमिनीला टेकलेली, गुडघे काटकोनात. पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे टेप गुंडाळा. कातडीला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. थोडं वर, थोडं खाली सरकवून सगळ्यात मोठा आकडा घ्या. पुरुषाचा ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि बाईचा ३३ पेक्षा कमी असेल तर पुढची तपासणी हवी. टेपही नसेल तर जपानमध्ये वापरतात ती युक्ती करा: दोन्ही हातांच्या अंगठ्यांची आणि तर्जनींची टोकं जुळवून कडं करा आणि ते स्वतःच्याच पोटरीच्या जाड भागाभोवती धरा. कडं पुरलं नाही तर उत्तम. बरोबर बसलं तर लक्ष ठेवा. आत बोटभर पोकळी राहिली तर स्नायू कमी असण्याची शक्यता बरीच आहे. पायावर सूज असेल तर यातलं कोणतंच माप खरं नाही. बोटाने नडगीवर दाबून खड्डा पडतो का ते आधी पाहा. पडत असेल तर पोटरी सोडून द्या आणि दंडाचा घेर दर महिन्याला एकाच जागी मोजा.

मग उठाबशी. हे माप मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते स्नायूंचा आकार सोडून त्यांचं काम मोजतं. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, जेवणाच्या टेबलाशी असते तेवढ्या उंचीची खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तितक्या लवकर. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर धोक्याची सूचना. एकदाही हात न टेकता उठता आलं नाही, तर घड्याळाची गरजच नाही. कुणीतरी शेजारी उभं राहा. पडला तर करायला गेलो एक आणि झालं एक.

गॅलरीत किंवा सोसायटीच्या पॅसेजमध्ये सहा मीटर मोजून खडूने खूण करा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे. हाताची पकड मोजायचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं. पुरुषाची २८ किलोपेक्षा आणि बाईची १८ किलोपेक्षा कमी पकड म्हणजे ताकद कमी. या पकडीला हलकं लेखू नका. भारतासह सतरा देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात पकड दर पाच किलोने कमी असली की मृत्यूची जोखीम सोळा टक्क्यांनी जास्त आढळली. घंटीवर बसणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: बोटांची सफाई आणि पकडीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आकडे एका वहीत तारखेसह लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फाइलमध्ये ती वहीही ठेवा. वजनाचाही रकाना ठेवा, पण तो एका वेगळ्या कारणासाठी: काहीही प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोपेक्षा जास्त, तर ते कधीही चांगलं लक्षण नाही. डाएट लागू पडलं म्हणून खूश होऊ नका.

क्रिएटिनिनबद्दल इथेच सांगायला हवं. किडनीच्या रुग्णाच्या घरी सगळ्यांची नजर या एका आकड्यावर असते आणि तो उतरला की पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्येच. स्नायू झिजले की ते कमी तयार होतं आणि किडनी तितकीच बिघडलेली असूनही आकडा खाली येतो. म्हणून क्रिएटिनिन कमी झालं आणि त्याच सुमारास माणूस वाळला, थकला, भूक गेली असं असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "हे किडनी सुधारल्यामुळे की स्नायू गेल्यामुळे?" खात्री करण्यासाठी सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी असते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

ताटात काय

आजाऱ्याला आपण काय देतो? मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, साबुदाण्याची पेज, चहा-खारी, नारळपाणी, एखादं केळं. पचायला हलकं म्हणून हे सगळं ठीक, पण यात स्नायूंना लागणारी प्रथिनं जवळजवळ नाहीतच. साबुदाण्यात तर नावालाही नाहीत. दोन-चार दिवसांचा ताप असेल तर निभावतं. सहा महिने, वर्ष हेच चाललं तर रुग्णाला आपण आपल्या हाताने वाळवतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठीनंतर १ ते १.२ ग्रॅम, आणि दीर्घ आजार असलेल्या ज्येष्ठांना १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत द्यावीत असं तज्ज्ञांचं मत आहे. डायलिसिसवर नसलेला किडनीचा रुग्ण याला अपवाद. त्याच्याबद्दल पुढे येतं. ५५ किलोच्या बाईंना १.२ ग्रॅमने हिशेब केला तर दिवसाला ६६ ग्रॅम होतात. एवढी आणायची कुठून?

खानदेशी स्वयंपाकघरात यासाठी फार शोधावं लागत नाही. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद घालून दळलेलं हे पीठ म्हणजे धान्य आणि डाळ यांची जोडी. एकात जे अमिनो आम्ल कमी ते दुसरं पुरवतं. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण सात-आठ ग्रॅम प्रथिनं येतात. अशा दोन भाकरी, कच्ची मोजून चाळीस ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण म्हणजे आणखी नऊ, तेवढ्याच मुगाची उसळ म्हणजे नऊ, मोठा पेला दूध आठ, वाटीभर दही पाच, मूठभर शेंगदाणे सात, पन्नास ग्रॅम पनीर नऊ. बेरीज साठीच्या पुढे गेली; एक अंडं चालत असेल तर सहा ग्रॅम वाढून हिशेब पुरा. सोयाबीनच्या वड्या त्याहून स्वस्त, पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांत तेरा ग्रॅम प्रथिनं. खिचडी द्यायचीच असेल तर दोन वाट्या तांदळाला अर्धी वाटी डाळ न घालता तांदूळ आणि डाळ निम्मेनिम घ्या. रुग्णाला चवीत फरक कळणार नाही, स्नायूंना कळेल.

सुरतेचा नाश्ताही वाया घालवण्यासारखा नाही. लोचो आणि खमण चण्याच्या डाळीचे. वरचं तेल, लोणी आणि शेव आवरली तर फाफडा-जिलबीपेक्षा कितीतरी बरे. हिवाळ्यात कतारगामच्या पापडीचा उंधियू सगळ्यांना हवा असतो. तो जरूर खावा, पण कोवळ्या शेंगेत प्रथिनं थोडी आणि उंधियूत तेल फार. त्याच्याबरोबर दह्याची वाटी हवी. आणि सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणावर सोडू नका. उतारवयातल्या स्नायूंना एका वेळी भरपूर, साधारण पंचवीस ग्रॅम मिळाले तरच ते नीट दाद देतात, म्हणून सकाळच्या चहा-खारीच्या जागी खरंखुरं न्याहारीचं ताट आलं पाहिजे. भूक नसेल तर जेवणाआधी चहा आणि पाणी टाळा, थोडं थोडं पाच वेळा द्या. डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज बहुतेकांना नसते. तेवढ्या पैशांत महिन्याचं दूध आणि अंडी येतात. ज्याला घास गिळवत नाही किंवा ज्याचं जेवण अर्ध्यावर आलंय, त्याला मात्र आहारतज्ज्ञ सांगतील ती पावडर उपयोगी पडते.

आता आजाराआजाराचा फरक, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

किडनी बिघडलेली आहे पण डायलिसिस सुरू नाही, तेव्हा डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात, बरेचदा किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमपर्यंत. ते पाळायचं, मात्र आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि पोटभर उष्मांक घेऊन; नाहीतर शरीर आपलेच स्नायू जाळतं. डायलिसिस सुरू झालं की नियम उलटा होतो. आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवीत, कारण प्रत्येक डायलिसिसमध्ये सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं पाण्याबरोबर वाहून जातात. आणि हे कित्येक घरांत कुणी नीट समजावून सांगितलेलंच नसतं. वर्षानुवर्षं 'डाळ बंद, दूध बंद' ऐकलेला रुग्ण डायलिसिसवरही तेच पथ्य पाळत राहतो आणि सुकत जातो. डायलिसिसच्या पहिल्याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टना विचारा, "आता प्रथिनं किती वाढवायची?" पोटॅशियम आणि फॉस्फरस सांभाळायचं असल्यामुळे काय वाढवायचं तेही त्यांच्याकडूनच घ्या, अंड्याचा पांढरा भाग यासाठी बहुतेकांना चालतो, कारण त्यात फॉस्फरस अगदी कमी.

यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये जुनी समजूत अशी की प्रथिनं खाल्ली की डोक्यावर परिणाम होईल. आता तज्ज्ञांच्या शिफारशी याच्या विरुद्ध आहेत: किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम द्या. या रुग्णाचं यकृत रात्रीपुरती साखर साठवू शकत नाही. त्याची एका रात्रीची उपासमार निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणाएवढी असते आणि ती भूक स्नायू मोडून भागवली जाते. म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी खायलाच हवं: दूध-पोळी, दही-भात, भाजलेले चणे. न्यूझीलंडमधल्या एका वर्षाच्या अभ्यासात तोच पूरक आहार दिवसा घेणाऱ्यांना फायदा झाला नाही, रात्री घेणाऱ्यांच्या शरीरातली प्रथिनं वाढली. पोटात पाणी झालेल्याचं वजन तर बघूच नका. कपाळाच्या बाजू, खांदे आणि मांड्या बघा.

क्षयरोगाबद्दल आपल्याच देशातला पुरावा सगळ्यात भक्कम आहे. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये २,८०० रुग्णांच्या घरी धान्य, डाळ, दूध पावडर, तेल पोचवून केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं तर मृत्यूची जोखीम ६१ टक्क्यांनी कमी दिसली. आणि घरातल्या ज्या माणसांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात क्षयरोगाचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. मूठभर डाळीची ही ताकद आहे. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असलेल्या रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले आहेत. औषधं जिथून घेता तिथे बँक खात्याची नोंद झाली आहे का ते विचारा, आणि ते पैसे भाड्यात किंवा हप्त्यात न घालता डाळ, अंडी, दूध यांवरच घाला. गावी औषधं नीट मिळतील का या काळजीने अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाताना डोस चुकवू नका. जाण्याआधी केंद्रावर सांगितलं तर सोय होते.

मधुमेहींसाठी एक नवी गोष्ट. वजन उतरवणारी इंजेक्शनं आता सुरतेतही मिळतात. त्यांचा फायदा खरा आहे, पण घटलेल्या वजनातला चौथा हिस्सा, कधी त्याहून बराच जास्त, चरबीचा नसून स्नायूंसारख्या कामाच्या भागाचा असतो. बारीक हातापायाच्या आणि सुटलेल्या पोटाच्या माणसाने हे इंजेक्शन व्यायाम आणि प्रथिनांशिवाय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

चालणं पुरेसं नाही

सकाळी सिंगणपोरच्या कॉजवेकडे चक्कर मारली की व्यायाम झाला असं अनेकांना वाटतं. हृदयाला आणि मनाला ती चक्कर चांगलीच. स्नायू वाढवायला मात्र त्यांच्यावर भार पडावा लागतो. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचे स्नायूही वाढले. साठीतल्या रुग्णाला 'आता कशाला' म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

घरी सुरुवात उठाबशीनेच करा. खुर्चीतून उठायचं, हळूहळू चार आकडे मोजत बसायचं. बसताना धप्पकन पडायचं नाही, कारण सावकाश खाली येतानाही स्नायू राबतात. आठ-दहा वेळा, मग दोन मिनिटं विसावा, असं दोन-तीनदा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, हात टेकवा. आठवड्या-दोन आठवड्यांनी उशी काढा. ओट्याला धरून टाचा उचला, भिंतीवर हात टेकून जोर काढा, एक किलो डाळीची पिशवी हातात धरून दंड दुमडा. आठवड्यातून तीन दिवस, मधला दिवस विश्रांतीचा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्या पाहिजेत. सहज झालं की वजन वाढवायची वेळ आली. श्वास रोखून धरू नका. कारखान्यात तासातासाला जागेवरून उठून पाच उठाबश्या केल्या तर कुणाचा माल अडणार नाही, आणि दिवाळीच्या लांब सुट्टीत गावी गेल्यावरही हे थांबवू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर तपासावी आणि अनवाणी व्यायाम करू नये. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेला असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत जोराचं काही नको. दम्याच्या जुन्या रुग्णाने पंप हाताशी ठेवून, बसूनच पायाचे व्यायाम सुरू करावेत. धाप लागते म्हणून हालचाल सोडली की पाय कमजोर होतात आणि मग तेवढ्याच अंतराला आणखी धाप लागते. डायलिसिसच्या दिवशी थकवा असतोच, म्हणून व्यायामाचे दिवस मधले ठेवा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताने काय आणि किती उचलायचं ते आपल्या सेंटरवर विचारून घ्या.

तीन महिन्यांनी पोटरी, उठाबशी, चाल पुन्हा मोजा. स्नायूंचा आकार वाढण्याआधी ताकद वाढते, म्हणून टेपवर काही दिसलं नाही तरी पाच उठाबश्यांची वेळ पंधरा सेकंदांवरून बारावर आली असेल तर सुधारणा सुरू झाली आहे. उलट दोन महिन्यांत जिना चढणं बंद झालं, दोनदा तोल जाऊन पडणं झालं, घास घशात अडकू लागला, एकाच पायाची पोटरी अचानक सुजली किंवा एकाच बाजूची ताकद गेली, तर ही साधी झीज नाही. वहीतल्या पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.